अडीच मिलिमीटर

मतदानाला बारा दिवस उरले होते, आणि मोराळवाडीच्या टेकडीखालचं घड्याळ अजूनही आल्प्समधल्या घड्याळाशी जुळत नव्हतं.

फरक इतका किरकोळ होता, की तो पाहुण्यांना सांगताना सुलक्षणा वीरकरला दर वेळी अवघडल्यासारखं व्हायचं. एकावर अठरा शून्यं दिली की जो आकडा होतो, तितके ठोके पडल्यावर या दोन घड्याळांत पाव ठोक्याचं अंतर पडत होतं. "म्हणजे काहीच नाही की हो!" असं एक मंत्री म्हणाले होते आणि चहाकडे वळले होते.

सुलक्षणा कालमापन केंद्राची देखरेख अभियंता. नऊ वर्षांपूर्वी, २०३८ साली, माण तालुक्यातल्या या उघड्याबोडक्या टेकडीत बोगदा खणून घड्याळ बसवलं, तेव्हापासून ती त्याच्यासोबत होती. थोरियमच्या एका दुर्मीळ प्रकाराच्या अणुगर्भावर लेसरचा प्रकाश पाडायचा आणि त्या गर्भाच्या स्पंदनावरून वेळ मोजायची, असं ते घड्याळ. जुनी आण्विक घड्याळं अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर चालत, त्यामुळे आसपासची उष्णता, चुंबकत्व, काहीही त्यांना त्रास देई. अणुगर्भ मात्र आत खोल, बंदोबस्तात असतो. त्याला सहसा कुणाचा धक्का लागत नाही.

एकच गोष्ट त्यालाही चुकवता येत नाही, आणि ती म्हणजे गुरुत्वाकर्षण. घड्याळ जितकं उंचावर, तितकं ते जरासं जलद चालतं. एक मीटर उंचीला सुमारे तीस कोटी वर्षांत एका सेकंदाचा फरक. थोरियमच्या घड्याळाला एका मिलिमीटरचा फरकसुद्धा कळत होता, आणि म्हणूनच जगाला त्याचं महत्त्व वाटू लागलं होतं. आता घड्याळांनी उंची मोजली जाई. समुद्र किती चढला, किनारा किती खचला, हे सगळं एका मूळ घड्याळाशी तुलना करून ठरवलं जाई. दीडशेहून अधिक वर्षं जगाच्या वेळेचा हिशेब युरोपात झाला होता. पण तिकडच्या प्रयोगशाळांचे निधी वर्षागणिक आटत गेले. चारांपैकी दोन घड्याळं बंद पडली, तिसरं एका खाजगी कंपनीनं घेतलं. उरलं आल्प्सच्या पायथ्याचं. इतर काही देशांतही अशी घड्याळं होती, पण ती या दोहोंच्या तोडीची मानली जात नव्हती. आणि आता शंभरावर देश मत देणार होते, की यापुढे जगाचं मूळ घड्याळ माण तालुक्यात असावं का.

"त्यांचं घड्याळ थकलंय," केंद्राचे संचालक डॉ. यशोधन केळुस्कर सगळ्यांना सांगत. "लेसर जुने, माणसं निम्मी. फरक त्यांचा आहे."

सगळ्यांना ते पटलं होतं. सुलक्षणालाही.

*

कार्तिकात मोराळवाडीत विहिरी मोजायचा दिवस असतो. कुठल्या विहिरीला किती पाणी आहे ते पाहायचं, आणि मग ज्वारी किती, हरभरा किती, कांदा लावायचा की नाही, हे गावानं मिळून ठरवायचं. दहा वर्षांपूर्वी आसपासच्या अकरा गावांसह मोराळवाडीनं डोंगरउतारावर चर खणले, नाले अडवले, आणि तेव्हापासून हा शिरस्ता पडला. गाव बोगद्याच्या तोंडापासून तीन किलोमीटरवर, आणि सुलक्षणाचं माहेर तिथलंच. तिचा थोरला भाऊ हणमंतअण्णा पाणी समितीचा अध्यक्ष होता. त्या रविवारी ती सहज गेली, भावजयीच्या हातचं खाऊन यावं म्हणून.

अण्णा देवळामागच्या विहिरीच्या काठावर उभा होता. दर वर्षी पाणी जिथवर आलं असेल तिथं तो आतल्या दगडावर पांढऱ्या रंगानं रेघ मारायचा आणि बाजूला साल लिहायचा.

"बघ, सुले," तो कौतुकानं म्हणाला. "अडतीसला पार तळाला व्हतं. मग चढत गेलं. त्रेचाळीसला पाऊस न्हाय झाला, तवा परत खाली. आणि आता बघ, पायरी बुडाली."

सुलक्षणा वाकून पाहत राहिली. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, हळूहळू वर. त्रेचाळीसला खाली घसरण. मग पुन्हा चढ, आधीपेक्षा वेगानं.

हा चढउतार तिच्या ओळखीचा होता. गेली नऊ वर्षं ती रोज सकाळी पडद्यावर तोच बघत आली होती. दोन घड्याळांमधला फरक अगदी असाच वाढत गेला होता, आणि त्रेचाळीस साली अचानक कमी झाला होता. त्या वर्षी सगळे म्हणाले होते, आल्प्सवाल्यांनी काहीतरी दुरुस्ती केलेली दिसते.

"अण्णा, बाकीच्या विहिरींचे आकडे आहेत?"

"चौदाच्या चौदा. कशाला?"

"मला हवेत. आत्ता."

भावजयीनं केलेलं हुलग्याचं माडगं वाटीत तसंच राहिलं.

*

दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. चौदा विहिरींचे नऊ वर्षांचे आकडे तिनं घड्याळाच्या नोंदींशेजारी मांडले. दोन्ही रेषा एकमेकींवर जवळजवळ चपखल बसल्या. मग तिनं उपग्रहांच्या रडार-चित्रांची सरासरी काढली. एकेका चित्रात काही दिसत नव्हतं, पण चारशे चित्रं एकत्र केल्यावर दिसलं. बारा गावांचा पट्टा वर आला होता, आणि टेकडीपाशी तो अडीच मिलिमीटर होता.

पावसाळ्यात लाकडाचं दार फुगून चौकटीत अडकतं, तसंच काहीसं हे होतं. खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षं पाणी भरत गेलं आणि खडक कणभर फुगला. केंद्रातल्या कुणाला ते कळलं नाही, कारण उंची मोजायची पितळी खूण त्याच टेकडीच्या खडकात बसवलेली होती. खूण, घड्याळ, बोगदा, सगळंच एकदम वर आलं होतं. उंचीपायी घड्याळाच्या वेळेत जी दुरुस्ती करायची, तिचा आकडा मात्र दुष्काळात मोजलेला, नऊ वर्षांपूर्वीचा, तसाच चालू होता.

म्हणजे आल्प्समधलं घड्याळ थकलं नव्हतं. चूक इथली होती.

केळुस्करांनी तिचे कागद दोनदा वाचले. मग त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"किती जणांना माहीत आहे?"

"मला. आणि आता तुम्हाला."

ते खुर्चीत बसले नाहीत. खिडकीशी उभे राहून टेकडीकडे बघत बोलू लागले.

"मी सत्तावीस वर्षांचा होतो, सुलक्षणाबाई. लेसरसाठी एक स्फटिक हवा होता. नखाएवढा. तो तिकडेच बनायचा. परवान्यासाठी आम्ही तीनदा अर्ज केला. पहिल्यांदा म्हणाले, सुरक्षेचं कारण आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, विचार चालू आहे. तिसऱ्यांदा उत्तरसुद्धा दिलं नाही. मग पुण्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये सहा वर्षं घालवून आम्ही तो स्फटिक वाढवला. माझा जोडीदार त्या शेडमध्येच आजारी पडून गेला. आता ते लोक आपल्या दारात उभे आहेत, आणि तुम्ही मला सांगताय की बरोबर तेच आहेत."

"सर, ते मुद्दाम बरोबर नाहीत. त्यांनाही माहीत नाही."

"मग राहू द्या ना माहीत नसलेलं!" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "मी खोटं बोलायला सांगत नाही. मतदान होऊ द्या. सहा महिन्यांनी आपणच जाहीर करू, सुधारणा म्हणून. फक्त दहा दिवस गप्प राहा."

तिनं हा विचार स्वतःही केला होता. दोन दिवस तोच तर करत होती.

"बेटांचं काय?" ती म्हणाली.

हिंदी महासागरातल्या बेटांना समुद्राच्या चढीप्रमाणे भरपाई आणि बांधबंदिस्तीची मदत मिळत असे. त्या मदतीची पुढच्या दहा वर्षांची पातळी मतदानाच्या दिवशी मूळ घड्याळावरून कायम होणार होती. मूळ घड्याळाखालची जमीन अडीच मिलिमीटर वर आली असेल, तर समुद्र तितकाच खाली गेल्यासारखा दिसणार. वर्षाला समुद्र पाचेक मिलिमीटर चढत होता. म्हणजे सहा महिन्यांचा समुद्र कागदावरून नाहीसा होणार, आणि तो पुन्हा कागदावर आणायला शंभर देशांच्या सह्या लागणार.

केळुस्करांनी तिचे कागद उचलून तिच्या हातात परत दिले.

"तुम्ही रजेवर जा," शेवटी ते म्हणाले. "हा हुकूम नाही, विनंती समजा."

*

ती गेली ती मोराळवाडीलाच. अण्णा पडवीत बसून मोटारीचा बेअरिंग साफ करत होता. तिनं सगळं सांगितलं. त्याला विज्ञान समजलं की नाही कोण जाणे, पण त्यातला धोका मात्र लगेच समजला.

"म्हंजे आमच्या पाण्यानं तुजं घड्याळ बिघडलं."

"बिघडलं नाही. जागा हलली."

"तेच ते. उद्या दिल्लीची माणसं येणार आणि म्हणणार, टेकडी हलता कामा नये, इतकंच पाणी ठेवा, बाकीचं उपसून टाका. म्हणतील का न्हाय?"

ती खोटं बोलली नाही. "म्हणू शकतात."

अण्णानं बेअरिंग खाली ठेवला. "मग बोलू नगंस. गप बस. तुजा साहेब गप बस म्हणतोय, मी बी म्हणतोय. बारा गावांनी हाडं झिजवलीत या पाण्यासाठी. आपली आई घागरभर पाण्यासाठी चार कोस चालायची, इसरलीस?"

"नाही विसरले."

"मग?"

"त्रेचाळीस साली पाणी खाली गेलं," सुलक्षणा म्हणाली. "चर न खणलेली गावं हसत होती. त्या वर्षी रेघ मारायचं टाळलंस का तू?"

अण्णा हाताचं ग्रीस फडक्याला पुसू लागला. आतून भावजय डोकावून गेली.

"टाळीन कशाला?" तो पुटपुटला. "त्या वर्सी तर मोठी मारली. लोकांना दिसाय नको?"

त्यानं पुन्हा बेअरिंग हातात घेतला. "पाण्याला हात लावू दिला न्हाय म्हंजे बास," तो म्हणाला. "बाकी तुला काय करायचं ते कर. पर त्येंना सांगताना आमच्या बाजूनं बी बोल."

*

मतदानाच्या आधी तीन दिवस, मत देणाऱ्या देशांनी नेमलेलं परीक्षक मंडळ बोगद्यात आलं. अध्यक्ष होत्या नैरोबीच्या डॉ. वांजिरू मुगो, ठेंगण्या, करड्या केसांच्या, थोडक्यात बोलणाऱ्या. सोबत ब्राझीलचे एक तज्ज्ञ, आणि आल्प्सच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख एलोदी वासेर.

एलोदीला सुलक्षणा ओळखत होती. सोळा वर्षांपूर्वी दोन वर्षं सुलक्षणा आल्प्सच्या त्या प्रयोगशाळेत शिकायला होती. घड्याळ काचेपलीकडे असे. बाहेरच्या देशांतल्या शिकाऊंनी काचेच्या अलीकडून बघायचं, हात लावायचा नाही, असा नियम होता. एलोदी तेव्हा रुबाबदार होती. आता तिचे खांदे उतरले होते, आणि कोटाच्या बाहीचं बटण तुटलेलं होतं.

रजा बाजूला ठेवून सुलक्षणा केंद्राच्या सभागृहात मागच्या रांगेत येऊन बसली. केळुस्करांनी तिला पाहिलं. तिला बाहेर काढायचं असतं तर त्यांना एक खूण पुरली असती. त्यांनी नजर वळवली.

फरकाचा विषय निघाला तेव्हा एलोदी उभी राहिली. "आमच्याकडे आता अकरा माणसं आहेत," ती इंग्रजीतून सावकाश म्हणाली. "आम्ही शोध घेतला. कारण सापडलं नाही. तरीही फरक आमचाच असावा, असं आम्ही लेखी मान्य केलं आहे."

सुलक्षणाला ती काच आठवली. काचेपलीकडून घड्याळ दाखवणारी ही बाई, आणि आज न केलेली चूक अंगावर घेत होती, का, तर आता तिच्या देशाचं कुणी ऐकत नव्हतं. सत्तावीस वर्षांच्या केळुस्करांनाही तेव्हा असंच वाटलं असेल, की दोष आपल्यातच असावा.

"कुणाला यात भर घालायची आहे?" डॉ. मुगोंनी विचारलं.

सुलक्षणा उठली.

"मादाम वासेर यांचं घड्याळ बरोबर आहे. चूक आमची आहे. माझ्याकडे पुरावा आहे."

वीस मिनिटं ती बोलली. विहिरींच्या रेघा, रडारची चित्रं, फुगलेला खडक. आणि शेवटी, कुणी विचारलं नसताना, तिनं आणखी एक वाक्य टाकलं. "ही चूक पाण्यामुळे झालेली नाही. पाण्याकडे आम्ही पाहिलं नाही, म्हणून झाली आहे. ते पाणी तिथंच राहिलं पाहिजे."

एलोदी खाली बसली होती आणि तिनं दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून धरले होते.

*

मतदान पुढे ढकललं गेलं. पुढचे दोन महिने सुलक्षणानं जे सोसलं ते तिनंच जाणावं. वाहिन्यांवर तिला घरभेदी म्हटलं गेलं. एका चर्चेत तर तिच्या सोळा वर्षांपूर्वीच्या युरोपमुक्कामाचा पैसा कुणी दिला, असं विचारलं गेलं. तिला बोगद्यात जायला मनाई झाली. दिल्लीहून एक मसुदा आला, त्यात अण्णाला वाटलेली भीती शब्दशः होती. बारा गावांतली पाण्याची पातळी 'स्थिर राखण्याचे' उपाय.

बारा गावांनी एकाच दिवशी ग्रामसभा घेतल्या. मोराळवाडीच्या सभेला केळुस्कर स्वतः आले, गाडी लांब ठेवून, चालत. लोकांना वाटलं, हे हुकूम घेऊन आले. ते विहिरीपाशी गेले आणि त्या पांढऱ्या रेघा बराच वेळ बघत राहिले.

"ह्या कुणी काढल्या?"

"मीच," अण्णा म्हणाला. "का? चुकल्यात?"

"नाही. आमच्याकडे नऊ वर्षांत इतकं नीट कुणी काही लिहिलं नाही." केळुस्करांनी चष्मा काढून पुसला. "मसुदा मी परत पाठवतोय. टेकडी हलते, तर हलू दे. किती हलली ते रोज मोजू आणि रोज जगाला सांगू. त्यासाठी तुमच्या विहिरींत यंत्रं बसवायला परवानगी हवी आहे."

"पाण्याला हात?"

"नाही."

"मग बसवा," अण्णा म्हणाला. "पर आकडा आधी गावाला कळला पायजे, मग जगाला."

यंत्रं बसवायचं काम सुलक्षणाकडे आलं. ती विहिरीत दोर सोडून उतरत असतानाच एलोदीचं पत्र आलं. तुम्ही तुमच्या पायाखाली पाहिलंत, म्हणून आम्ही आमच्या पाहिलं, असं तिनं लिहिलं होतं. आल्प्सवरचा बर्फ वर्षानुवर्षं वितळत चालला होता, डोंगरावरचं ओझं हलकं होत होतं, आणि तिथली जमीनही वर येत होती. ते गणितात धरलं होतं, पण बर्फ आता जितका झपाट्यानं जातोय तितका नव्हे. चूक तुमच्यापेक्षा लहान आहे, तिनं लिहिलं होतं, पण चूक आहे.

मग एकेक करून बाकीचे बोलू लागले. एका देशाचं घड्याळ जुन्या खाणीवर बसलं होतं, ती खचत होती. दुसऱ्याचं किनाऱ्याला, तिथं भरतीच्या ओझ्यानं जमीन लवत होती. ज्यानं त्यानं आपली जमीन स्थिर धरली होती आणि दुसऱ्याच्या घड्याळाला नाव ठेवलं होतं.

वर्षभरानं मतदान झालं. मूळ घड्याळ एकच असावं हा ठरावच मांडला गेला नाही. सात देशांच्या घड्याळांवरून वेळ काढायची, प्रत्येकानं आपल्या पायाखालची हालचाल रोज उघड करायची, आणि जो ती जितकी नीट सांगेल त्याच्या घड्याळाला तितकं वजन द्यायचं, असं ठरलं. पहिल्या वर्षी सगळ्यांत जास्त वजन माण तालुक्याच्या वाट्याला आलं, कारण पायाखालच्या नऊ वर्षांच्या नोंदी जगात दुसऱ्या कुणाकडेच नव्हत्या. वाहिन्यांनी त्याचा विजय म्हणून गाजावाजा केला. सुलक्षणानं टीव्ही लावला नाही.

बेटांची पातळी नव्यानं काढली गेली. गहाळ होणारा सहा महिन्यांचा समुद्र कागदावर शाबूत राहिला.

या घड्याळांवर काम करणारी माणसं तयार करायला नैरोबीत शाळा निघाली. तिथं पहिली शिक्षक म्हणून डॉ. मुगोंनी सुलक्षणाला बोलावलं. ती केळुस्करांना सांगायला गेली, तेव्हा त्यांना आधीच कळलं होतं.

"जा," ते म्हणाले. "मी त्या दहा दिवसांसाठी गप्प राहायला सांगितलं होतं, तेही शिकवा त्यांना. माझं नाव घालून शिकवा. माणूस तिथंच घसरतो."

"सर, नाव कशाला?"

"घालाच," ते म्हणाले.

जूनमध्ये नैरोबीत थंडी असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती शालीवर शाल घेऊन वर्गात गेली. समोर सव्वीस देशांची चाळीस माणसं होती. घड्याळ वर्गाच्या मधोमध होतं, शिकाऊंसाठी बनवलेलं, उघडं, कसलीही काच नसलेलं. पहिल्या रांगेत एक फिजीची मुलगी आणि तिच्या शेजारी, सर्वांत वयस्कर विद्यार्थिनी म्हणून नाव घातलेली, एलोदी वासेर.

फिजीच्या मुलीनं तिला बोलायलाही दिलं नाही, आधीच हात वर केला.

"मॅडम, तुमच्या देशाचं घड्याळ सगळ्यांत चांगलं आहे म्हणतात. खरं का?"

"ते मला माहीत नाही," सुलक्षणा म्हणाली. "किती चुकतं ते सांगू शकते."

आणि तिनं खडू घेऊन त्या सकाळचा आकडा फळ्यावर लिहायला सुरुवात केली.